ऑस्करवाल्यांनो, वुडी स्ट्रोडचं काय?

प्रति,
मा. अध्यक्ष, नियामक मंडळ व सर्व सदस्य,
अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, तेवढं सांभाळून घ्या. परक्या भाषांतले सिनेमे बघायची सवय तुम्हाला हल्ली लागली आहे, तेव्हा दोन-चार पानं कुणाकडून वाचवून घ्यायला हरकत नसावी. शिवाय आपली थोडीफार ओळखही निघते. आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी मिळालेली तुमची सोनेरी बाहुली २०१२ मध्ये तुमच्याकडेच सांभाळायला परत पाठवली होती. एका मराठी बाईंची ठेव तुमच्या कपाटात आहे, त्या भरवशावर लिहितो आहे.

विषय मात्र आमच्याकडचा नाही, तुमच्याच गावातला आहे. तुमच्या लॉस एंजेलिसमध्ये २५ जुलै १९१४ रोजी जन्मलेला, तिथेच शिकलेला, तिथल्याच स्टुडिओंच्या दारात उमेदीची वर्षं घालवलेला एक नट. वुडी स्ट्रोड. ३१ डिसेंबर १९९४ ला तो गेला. तोवर तुम्ही त्याला पुरस्कार तर सोडाच, साधं नामांकनही दिलं नव्हतं.

‘टॉय स्टोरी’ त्यानंतर वर्षभराच्या आत आला. त्यातल्या काऊबॉय बाहुल्याचं वुडी हे नाव पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या मंडळींनी या स्ट्रोडवरूनच ठेवलं. त्या पहिल्या सिनेमासाठी तुम्ही दिग्दर्शक जॉन लॅसेटरला खास पुरस्कार दिलात. तिसऱ्या आणि चौथ्या भागाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाची ऑस्करं मिळाली. म्हणजे वुडी हे नाव तुमच्या मंचावर किती वेळा दुमदुमलं ते पाहा! पण शेरीफचा बिल्ला लावून फिरणारा तो बाहुला गोरा आहे. ज्याचं नाव उचललं तो सहा फूट चार इंच उंचीचा, डोकं तुळतुळीत ठेवणारा कृष्णवर्णीय माणूस होता. पिक्सारने प्रेमापोटीच नाव ठेवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे.

स्ट्रोड सिनेमात रुळला तोवर चाळिशी उलटली होती. त्याआधी त्याचं एक अख्खं आयुष्य होऊन गेलं होतं. यूसीएलए विद्यापीठात तो डेकॅथलॉन (धावणं-फेकणं-उड्या मिळून दहा प्रकार) करायचा आणि फुटबॉल खेळायचा. १९३९ च्या त्या संघात केनी वॉशिंग्टन आणि जॅकी रॉबिन्सन त्याचे सोबती होते. (फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हाताने खेळायचा; आमच्या वाचकांसाठी.) तेव्हा व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीयांना बंदी होती. कागदावर कुठेही न लिहिलेली, पण १९३४ पासून इमानेइतबारे पाळलेली. १९४६ मध्ये क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. त्यांना खेळायला कोलिझियमचं मैदान हवं होतं आणि ते होतं जनतेच्या पैशाचं. शहरातल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: मैदान सगळ्यांचं, तर संघही सगळ्यांचा हवा. रॅम्सनी वॉशिंग्टनला घेतलं आणि त्याच्या जोडीला स्ट्रोडला. रॉबिन्सनने बेसबॉलमधली भिंत फोडली ती त्यानंतरच्या वर्षी, आणि ती जगभर गाजली. स्ट्रोडला हा मान बत्तिसाव्या वर्षी मिळाला आणि एकाच हंगामात संपला. पुढे कॅनडात कॅल्गरीकडून खेळून त्याने तिथल्या फुटबॉलचा १९४८ चा ग्रे कप जिंकला. नंतर पोटासाठी कुस्त्या केल्या, तिकीट लावून होतात तसल्या. रॅम्समधल्या दिवसांबद्दल तो नंतर कधी गोड बोलला नाही. स्वर्गात पहिला म्हणून घुसायची वेळ माझ्यावर येणार असेल तर मला तिकडे जायचंच नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला होता.

आता तुमच्या खात्याकडे येतो. साल १९६०. ‘स्पार्टाकस’मधला स्ट्रोडचा ड्राबा आठवा. गुलाम तलवारबाजांच्या शाळेत स्पार्टाकस त्याला नाव विचारतो, तर हा सांगत नाही. उद्या एकमेकांना मारायची वेळ आली तर नाव माहीत नसलेलं बरं. आणि ती वेळ येतेच. रोमहून आलेल्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी दोघांना झुंजवलं जातं. ड्राबाच्या हाती जाळं आणि त्रिशूळ, स्पार्टाकस झालेल्या कर्क डग्लसच्या हाती आखूड तलवार. ड्राबा जिंकतो. त्रिशूळाची टोकं स्पार्टाकसच्या गळ्याशी टेकली आहेत, वरून अंगठा खाली झाला आहे, आणि स्ट्रोड थांबतो. चेहऱ्यावर काही मोठं घडत नाही. नुसती मान वर जाते, त्या सावलीत बसलेल्या मंडळींकडे. दुसऱ्या क्षणी त्रिशूळ त्यांच्या दिशेने सुटतो आणि त्याच्या मागून तो स्वतः भिंत चढायला लागतो. पाठीत भाला बसतो, वरून रोमन पाहुणा झालेला लॉरेन्स ऑलिव्हिए मानेवर सुरा चालवतो. मग त्याचं प्रेत इतरांना दहशत बसावी म्हणून उलटं टांगलं जातं. पुढचं सगळं बंड, पुढचा सगळा सिनेमा त्या प्रेताखालून सुरू होतो. स्ट्रोडच्या वाट्याला संवाद किती? बोटांवर मोजावेत इतके.

त्या वर्षीचं सहायक अभिनेत्याचं ऑस्कर तुम्ही ‘स्पार्टाकस’लाच दिलंत, पण पीटर उस्तिनोव्हला. त्याच शाळेच्या मालकाच्या भूमिकेसाठी. उस्तिनोव्हने काम झकास केलं आहे, त्याचं बक्षीस काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण नामांकनाच्या जागा पाच होत्या. गोल्डन ग्लोबवाल्यांना स्ट्रोड दिसला, त्यांनी नामांकन दिलं. तुम्हाला का दिसला नाही? या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्याच दप्तरात आहे. सहायक अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी पहिल्या कृष्णवर्णीय पुरुषाचं नामांकन झालं ते रूपर्ट क्रॉसचं, १९६९ च्या सिनेमासाठी. स्ट्रोडचे ऐन भराचे दिवस १९६० ते १९६८. दार उघडलं तेव्हा हा माणूस कामासाठी इटलीची वाट धरत होता.

१९६० सालीच दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला ‘सार्जंट रटलेज’ दिला. नवव्या घोडदळातला कृष्णवर्णीय सार्जंट, गोऱ्या मुलीवर बलात्कार आणि दोन खुनांचा आळ, लष्करी कोर्टात खटला. स्टुडिओला म्हणे सिडनी पॉटिए किंवा हॅरी बेलाफॉन्टेसारखं नावाजलेलं कुणी हवं होतं. फोर्ड स्ट्रोडवर अडून बसला. सिनेमा सरसकट चांगला आहे असं मी म्हणणार नाही. कोर्टातले विनोद आज कंटाळा आणतात, न्यायाधीशांच्या बायकोची बडबड तर नकोशी होते. आणि ज्याच्या नावावर सिनेमा आहे त्या नटाचं नाव श्रेयनामावलीत जेफ्री हंटर, कॉन्स्टन्स टॉवर्स यांच्या मागे, त्या बडबड्या बाईंच्याही मागे! पण रटलेजची साक्ष सुरू झाली की बाकीचं सगळं गळून पडतं. सरकारी वकील डिवचत राहतो: पळून गेला होतास, मग परत का आलास? सरळ ताठ बसलेला तो धिप्पाड माणूस हळूहळू फुटत जातो आणि सांगतो, ही पलटण माझं घर आहे, माझं स्वातंत्र्य आहे, माझी अब्रू आहे. पळून गेलो असतो तर मी कुणीच उरलो नसतो, आणि मी माणूस आहे. डोळ्यांत पाणी आहे, आवाज चिरकला आहे. अभिनयाच्या शाळेत याला किती गुण देतील ठाऊक नाही. मला त्या खुर्चीवरून नजर हलवता येत नाही.

आणि ती घोडदौड. बेड्यांतून निसटलेला रटलेज नदीपाशी सुटकेच्या अगदी तोंडाशी आलेला असतो. तेवढ्यात त्याला दिसतं की आपली तुकडी अपाचे या मूळनिवासी टोळीच्या सापळ्यात सापडणार आहे. तो घोडा वळवतो आणि सावध करायला परत निघतो. कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर असा कधी दौडला नव्हता, हे स्ट्रोडने स्वतःच नंतर सांगून ठेवलं आहे. जॉन वेनच्या थाटात डोंगरावरून उतरलो, सगळं स्वतः केलं, आणि त्या नदीतून मी माझ्या सगळ्या लोकांना पार नेलं, असं तो म्हणायचा. फुशारकी वाटेल. सिनेमा बघा, म्हणजे वाटणार नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, अहो, तो मुळात खेळाडू. शरीर होतं म्हणून कामं मिळाली. मग बेन जॉन्सन कोण होता? घोडे सांभाळायला हॉलिवूडला आला, स्टंट केले, मध्येच वर्षभर रोडिओत, म्हणजे काऊबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत, उतरून १९५३ मध्ये जगज्जेता झाला, आणि १९७१ च्या ‘द लास्ट पिक्चर शो’साठी तुम्ही त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर दिलंत. योग्यच केलंत. वॉल्टर ब्रेननला तर तुम्ही पाच वर्षांत तीनदा गौरवलंत, त्यातलं तिसरं बक्षीस एका वेस्टर्नमधल्या, म्हणजे काऊबॉयांच्या सिनेमातल्या, जज रॉय बीनसाठी. म्हणजे घोड्यावर बसणाऱ्या, चार ओळी बोलून निघून जाणाऱ्या नटांची कदर तुम्हाला अगदीच नव्हती असं नाही. वेस्टर्नमध्ये निम्मा अभिनय उभं राहण्यात, जिन कसण्यात, दारातून आत येण्यात असतो. यात स्ट्रोड कुणाला हार जाणारा नव्हता. संवादफेकीत तो कच्चा होता, हे कबूल. गॅरी कूपर तरी काय बोलबच्चन होता!

‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ला तुम्ही एकच नामांकन दिलंत, तेही वेशभूषेचं. त्यातला पाँपी म्हणजे जॉन वेनचा गडी. भूमिका नोकराची, आणि ती तशीच लिहिलेली, यात सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण शाळेचा प्रसंग पुन्हा लावून बघा. गावातली पोरंटोरं, मोठी माणसं एका खोलीत अक्षरं गिरवायला बसली आहेत. जेम्स स्ट्युअर्ट गुरुजी झाला आहे. पाँपीला तो देशाच्या पायाभूत कायद्याबद्दल विचारतो. पाँपी उठतो, मागे भिंतीवर लिंकनचं चित्र आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य तो आठवत आठवत म्हणू लागतो आणि नेमका अडखळतो. पुढचं स्ट्युअर्ट सांगतो: सगळी माणसं समान जन्माला येतात. पाँपी ओशाळून म्हणतो, माहीत होतं मला, पण विसरलोच. स्ट्युअर्ट म्हणतो, असू दे, पुष्कळ लोक तेवढंच विसरतात. वाक्य स्ट्युअर्टचं आहे, आणि टाळ्याही त्यालाच. पण ते वाक्य लागतं ते स्ट्रोडच्या ओशाळण्यामुळे. सत्तेचाळीस वर्षांचा, देशातल्या मैदानांवर रंगाची भिंत ओलांडून आलेला माणूस शाळकरी मुलासारखा खाली बघतो. लगोलग जॉन वेन दारात येऊन त्याला कामावर हाकलतो. शिक्षण संपलं!

याच सिनेमाच्या वेळचा एक किस्सा स्ट्रोड सांगायचा. एका प्रसंगात वेन घोडागाडी हाकत होता आणि घोडे आवरेनात. मदतीला म्हणून स्ट्रोडने लगाम धरायला हात घातला, तर वेनने तो झटकून टाकला. उतरल्यावर दोघं हातघाईवर आले. तेव्हा फोर्ड ओरडला, वुडी, मारू नकोस त्याला, आपल्याला तो लागणार आहे. मला हा किस्सा आवडतो तो यासाठी की फोर्डला निकालाची खात्री होती. (याच फोर्डला तुम्ही दिग्दर्शनाची चार ऑस्करं दिलीत आणि त्यातलं एकही वेस्टर्नसाठी नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

बाकी त्याच्या कामांची यादी नुसती वाचली तरी हसू येतं आणि मग येत नाही. ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये इथिओपियाचा राजा. ‘टू रोड टुगेदर’मध्ये कोमांची योद्धा. टारझनच्या एका सिनेमात, तोही थायलंडमध्ये चित्रित झालेला, आशियाई खलनायक. ‘चंगेज खान’मध्ये मंगोलांच्या गोतावळ्यात. फोर्डच्या अखेरच्या सिनेमात पुन्हा चीनच्या सरहद्दीवरचा दरोडेखोर. भाजीत बटाटा घालावा तसा तुमच्या स्टुडिओंनी हा माणूस कुठेही घातला. ‘द प्रोफेशनल्स’मध्ये मात्र तो बर्ट लँकेस्टर, ली मार्विन आणि रॉबर्ट रायनच्या बरोबरीने चौथा गडी आहे. माग काढणारा, धनुष्य चालवणारा जेक. चौघांत सगळ्यात कमी तोच बोलतो आणि सगळ्यात जास्त कामाला येतो. त्या सिनेमाला तुम्ही तीन नामांकनं दिलीत: दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण. अभिनयाचं एकही नाही.

मग १९६८ मध्ये सर्जिओ लिओने नावाच्या इटालियनाने त्याला स्पेनच्या उन्हात एका ओसाड स्टेशनवर नेऊन उभं केलं. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात. लांब झगे घातलेले तीन मारेकरी आगगाडीची वाट बघत आहेत. जॅक एलम बाकड्यावर रेलून चेहऱ्यावरच्या माशीशी झटापट करतो आणि शेवटी तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो. स्ट्रोड जाऊन पाण्याच्या टाकीखाली उभा राहतो. वरून एक थेंब त्याच्या टकलावर पडतो. तो वर बघतो. हलत नाही. आणखी एक थेंब. तेव्हा हात सावकाश वर जातो, हॅट डोक्यावर येते, आणि थेंब आता हॅटवर पडू लागतात. टप. टप. लिओने कॅमेरा हलवत नाही, स्ट्रोड पापणी हलवत नाही. गाडी येते तेव्हा तो हॅट दोन्ही हातांनी अलगद उतरवतो आणि तिच्या काठात साठलेलं पाणी पिऊन टाकतो. मग बंदूक. थोड्याच वेळात तिघेही मेलेले असतात. स्ट्रोड सबंध सिनेमात एवढाच आहे, आणि सिनेमा पाहिलेला माणूस सगळं विसरला तरी ते पाणी विसरत नाही.

नंतर कुणीतरी त्याला या प्रसंगाबद्दल विचारलं. तो म्हणाला, हॉलिवूडमध्ये मला क्लोजअप मिळालाच नाही, ‘प्रोफेशनल्स’मध्येसुद्धा एकच; लिओनेने मला पाच मिनिटं पडद्यावर धरून ठेवलं. पुढची काही वर्षं तो इटलीत कामं करत राहिला. इटलीत त्याच्या वाट्याला नायकाची भूमिकाही आली, काँगोचा नेता लुमुम्बा याच्यावरून सुचलेल्या एका सिनेमात.

माझं मागणं त्या एका वाक्यातून निघालं आहे.

मागच्या चुका निस्तरायची तुम्हाला सवय नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. हॅटी मॅकडॅनियलने १९४० च्या समारंभात सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला तेव्हा तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्या काळी सहायक नटांना बाहुलीऐवजी छोटी फलकवजा पट्टी मिळायची. तिने ती मरताना हॉवर्ड विद्यापीठाला दिली आणि पुढे ती हरवली. २०२३ मध्ये तुम्ही तशीच दुसरी करून विद्यापीठाला दिलीत. चांगलं केलंत. स्ट्रोडच्या बाबतीत परत द्यायला काही नाही, कारण दिलंच काही नव्हतं. गेलेल्या माणसाला मानद ऑस्कर द्यायची तुमची रीत नाही, आणि तिच्यात बदल करा असं मी म्हणत नाही. एकासाठी केलात तर दारात रांग लागेल.

पण २०२८ येतं आहे. तुमचा शंभरावा समारंभ. त्याच वेळी स्टंटसाठी पहिल्यांदा स्वतंत्र ऑस्कर देणार आहात, म्हणजे घोड्यावरून पडणाऱ्यांची, पेटत्या घरातून धावणाऱ्यांची आठवण तुम्हाला शंभराव्या वर्षी झाली. त्याच उन्हाळ्यात तुमच्या शहरात ऑलिंपिक आहे, आणि धावणं-फेकणं-उड्या होणार आहेत कोलिझियममध्ये. हेच ते १९४६ चं मैदान. हा माणूस डेकॅथलॉनपटू, लॉस एंजेलिसचा भूमिपुत्र, स्वतःची घोडदौड स्वतः करणारा. एवढं जुळून आलेलं असताना मुहूर्त शोधायला पंचांग लागणार नाही.

तर त्या रात्री, स्टंटचं पहिलं पाकीट उघडण्याआधी, ‘सार्जंट रटलेज’मधली नदीपारची दौड दाखवा. कापून, संगीत बदलून, दहा तुकड्यांच्या मालिकेत कोंबून नको. सलग. आणि त्याआधी पडद्यावर फक्त नाव येऊ द्या, वुडी स्ट्रोड, पहिल्या ओळीत. मूळ सिनेमात ते तिथे नव्हतं. विल्शायर रस्त्यावर २०२१ मध्ये तुम्ही संग्रहालय उघडलंत, तिथे त्याच सुमारास त्याचे सिनेमे आठवडाभर लावा. लिओनेचा आणि फोर्डचे तर लावालच, पण इटलीतले आणि १९९३ चा ‘पॉसी’ही लावा. ‘पॉसी’त म्हातारा स्ट्रोड कॅमेऱ्यात बघून कृष्णवर्णीय काऊबॉयांची गोष्ट सांगतो. इतिहासकारांचा अंदाज असा की खऱ्या काऊबॉयांत साधारण चारांतला एक कृष्णवर्णीय होता. तुमच्या सिनेमांत मात्र हे प्रमाण कधी दिसलं नाही.

एक शेवटची विनंती, आणि ती निवेदकासाठी आहे. त्या रात्री स्ट्रोडची ओळख करून देताना ‘टॉय स्टोरी’तल्या वुडीपासून सुरुवात करू नये. प्रेक्षकांत हशा पिकेल, टाळ्या पडतील आणि दोन मिनिटांतलं दीड मिनिट बाहुल्यातच जाईल. बाहुल्याचं सांगायचंच असेल तर दौड संपल्यावर सांगा.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी प्रेक्षक